बुरुलचे हात

चादर नीट करताना बुरुलच्या स्वेटरची बाही अपाच्या मनगटाला नुसती लागली, आणि अपा किंचाळली. खिडकीच्या पत्र्यावरचं कबूतर उडालं, आणि भिंतीपलीकडे झोया इव्हानोव्हनाचा रेडिओ एकदम बंद झाला. बुरुल वाकलेली होती ती तशीच राहिली. स्वेटर लोकरीचा होता, जरा खरखरीत होता, हे खरं. पण लोकरीनं माणूस असं ओरडत नाही. कपडे शिवायच्या कारखान्यातून येताना कधी कधी अंगावरच्या कपड्यात टाचणी अडकून येते, म्हणून तिनं बाही उलटीसुलटी करून पाहिली, बोटं फिरवून पाहिली. टाचणी नव्हती. अपाच्या मनगटावरही काही नव्हतं, साधी लाली नव्हती. म्हातारपणी कातडी पातळ होते तशी ती पातळ झालेली, आणि खालची निळी शीर तेवढी थडथड उडत होती.

"मारलंस मला," अपा डोळे मिटूनच म्हणाली.

"नाही गं अपा. बाही लागली नुसती."

"आईला शिकवू नकोस. मारलंस."

दार वाजलं. झोया इव्हानोव्हना कधी घंटी दाबायची नाही, चपलेनंच दाराला ठोकायची. गेली कित्येक वर्षं या दोघी बायकांमध्ये एका भिंतीचं अंतर होतं. झोयाचा नवरा वारला तेव्हा आठवडाभर तिला जेवायला अपानं घातलं होतं, आणि अपाचा नवरा निघून गेला तेव्हा त्याचे बूट खिडकीतून खाली फेकायला मदत झोयानं केली होती. "काय गं पोरी, आईला कापतेस की काय?" ती आत येत म्हणाली. "कारखान्यात कापड कमी पडलं वाटतं तुला?" पण हे म्हणताना तिनं बुरुलकडे पाहिलंच नाही, अपाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. बुरुल आपल्या हातांकडे पाहत होती. रुंद पंजे, आखूड बोटं, उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कात्रीनं पाडलेला घट्टा. बावीस थर कापड एकावर एक ठेवून सरळ रेषेत कापणारे हात. कारखान्यातल्या पोरी तिला एजे, म्हणजे ताई, म्हणायच्या; बुरुल-एजेचा हात म्हणजे यंत्र. तोच हात मागं नेऊन तिनं पाठीशी लपवला.

दुखणं आधी छातीत होतं. कर्करोग निघाला, एक छाती काढली, तेव्हा अपा दवाखान्यातून बाहेर येऊन म्हणाली होती, एका बाजूला कमी वजन झालं, आता वळणावर गाडी कलंडणार. ती सगळं गाडीच्या भाषेत बोलायची. तीस वर्षं तिनं या शहरात ट्रॉलीबस चालवली. बर्फ पडला की वरच्या तारेवरून गाडीचे दांडे निसटायचे, गाडी चौकात मधोमध उभी राहायची, मागं लोक भोंगे वाजवायचे. आणि अपा जाड हातमोजे घालून खाली उतरायची, मागच्या बाजूला जाऊन दोर ओढून दोन्ही दांडे पुन्हा तारेवर बसवायची. ठिणग्या उडायच्या. लहानगी बुरुल चालकाच्या खोलीत काचेला नाक लावून बसलेली असायची. आपली आई विजेला हात लावते, आणि तिला काही होत नाही, असं तिला कित्येक वर्षं वाटत होतं. शाळेत तिनं हे सांगितलंही होतं. अशा बाईला दुखणं होईल, आणि दुखलं तर ती ओरडेल, हे बुरुलच्या मनात बसायला फार वेळ लागला. घरी दोन्ही पोरांना ती कुरवाळायची नाही. केस विंचरायची ते मुळापासून ओढून. बुरुल रडली की म्हणायची, केस आहेत, शीर नाही. मिरलान धाकटा, त्याला मात्र कधी कधी मांडीवर घ्यायची, आणि घेतल्यावर बुरुलकडे अपराध्यासारखं बघायची.

मग दुखणं कंबरेच्या हाडात उतरलं, मग मणक्यात. वस्तीतल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी साध्या गोळ्या दिल्या, मग जरा जोरदार गोळ्या. अपा भिंतीला टेकून उभी राहायची, आणि भिंतीचा रंग नखांनी खरवडायची. मॉर्फिन द्या म्हटलं तर डॉक्टर म्हणाले, सवय लागेल. "सवय?" बुरुल म्हणाली. आयुष्यात तिनं कधी आवाज चढवला नव्हता. कारखान्यात मुकादम वाट्टेल ते बोलायचा, नवऱ्यानं काडीमोड घेताना वाट्टेल ते बोलून घेतलं होतं, ती खाली मान घालून आपलं कापड बघत राहिली होती. त्या दिवशी दवाखान्याच्या बोळात, पाळीची वाट बघत बसलेल्या सगळ्या माणसांसमोर, ती ओरडली. "तिला सवय लागून ती काय चोऱ्या करणार आहे? उठून उभी राहता येत नाही तिला! तुमच्या आईला ठेवा तिच्या जागी!" एक म्हातारा टाळी वाजवायला लागला. औषध मिळालं. एका परिचारिकेनं तिला सुई कशी टोचायची ते शिकवलं; चिमटीत कातडी धर, तिरकी घाल, हळू सोड, रिकामी कुपी जपून ठेव आणि परत आणून दे. घरी परत येताना गाडीत बुरुलला आपलं अंग हलकं वाटत होतं. आपण जिंकलो असं तिला वाटत होतं, आणि तसं वाटण्यासारखं तिच्या आयुष्यात फार काही झालेलं नव्हतं.

आणि पहिले महिने खरोखर सुखाचे गेले. पहिल्याच सुईनंतर अपा झोपली, उठली, दुधाचा चहा मागितला, आणि कणकेच्या तळलेल्या बोरसोकला जर्दाळूचा मुरंबा लावून तिनं चार खाल्ले. दूरदर्शनवरच्या बाईला शिव्या दिल्या. "असलं औषध होतं तर आधी का नाही आणलंस गं? मी मेल्यावर आणणार होतीस?" बुरुल हसली होती. सुई टोचायची वेळ झाली की अपा स्वतःच बाही वर करून दंड पुढे करायची, आणि म्हणायची, "चला, तेल भरा." त्या दिवसांत बुरुलनं आईला जेवढा हात लावला, तेवढा आधीच्या सगळ्या आयुष्यात लावला नसेल. पाठ पुसली, पाय चेपले, नखं कापली. अपाही लावू द्यायची. कधी तर डोळे मिटून पडून राहायची, आणि बुरुलनं हात थांबवला की हुंकार द्यायची: चालू दे.

हे कधी उलटलं ते नेमकं सांगता आलं नसतं. औषध पुरेना झालं. बुरुल दवाखान्यात गेली, भांडली, मात्रा वाढवून आणली. काही दिवस बरं वाटलं. मग पुन्हा पुरेना. पुन्हा गेली. आता भांडावंही लागत नव्हतं. तिला बघूनच डॉक्टर लिहायला घ्यायचे. पण दुखणं आता कंबरेत राहिलं नव्हतं. जिथं रोग नव्हता तिथं ते गेलं. तळपाय दुखायला लागले, कानाच्या पाळ्या दुखायला लागल्या, पापण्या दुखायला लागल्या. कोमट पाणी अंगावर घेतलं तर अपा म्हणायची, उकळतं आहे. खिडकीतून वारा आला तर म्हणायची, वाळू मारतंय कोणीतरी. बुरुलला वाटलं, रोग पसरला. दुसरं काय वाटणार? ती आणखी औषध आणायची. आणि तिच्या हातात जे दुसरं होतं ते करायची: कापड. कारखान्यात उरलेले तुकडे ती घरी आणायची, गालावर घासून बघायची, मऊ वाटलं तर त्याची चादर शिवायची, शिवण वर येऊ नये म्हणून कडा हातानं दुमडायची. आधी सुती आणलं. मग पुष्कळदा धुऊन विटलेलं सुती आणलं. मग रेशीम आणलं, बाजारातल्या एका उझ्बेक बाईकडून, पातळ, हातातून पाण्यासारखं निसटणारं. अपा त्यावर निजली, आणि थोड्या वेळानं म्हणाली, "बुरुल, हे काढ. याला दात आहेत." बुरुलनं रेशीम काढलं, घडी घातली, आणि ती घडी घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिली. याहून मऊ कापड जगात कुणी विणत नव्हतं.

बाही लागली आणि अपा किंचाळली, त्यानंतर बुरुल घरात अंग चोरून वावरायला लागली. लोकर घालणं तिनं सोडलं. पलंगाजवळून जाताना श्वास धरायची. हात लावायचा तो फक्त सुईच्या वेळी, आणि त्या वेळी अपाचा उजव्या पायाचा अंगठा आधीच ताठ व्हायचा, डोळे बारीक व्हायचे, आणि ती बुरुलच्या हाताकडे बघायची. तोंडाकडे नाही, हाताकडेच. "चला, तेल भरा," ती आता म्हणत नव्हती. एकदा कारखान्यातून येताना गच्च भरलेल्या गाडीत मागच्या बाईनं पैसे पुढे द्यायला म्हणून बुरुलच्या तळहातावर नाणी ठेवली, आणि ठेवताना तिची ऊबदार बोटं क्षणभर तळहातावर राहिली. बुरुलला एकदम रडू आलं. पुढच्या माणसाला नाणी द्यायची ती विसरलीच. "अहो ताई, द्या की पुढं!" कुणीतरी म्हणालं. तिनं नाणी दिली, आणि आपल्या थांब्याच्या एक थांबा आधीच उतरून चालत घरी गेली. रस्त्याकडेच्या पाटांत काळा बर्फ साचला होता, धुरानं डोंगर दिसत नव्हते.

डॉक्टर नाझगुल आल्या त्या झोयामुळे. झोयाच्या भाच्याला कुणीतरी सांगितलं होतं, की मरणाऱ्या माणसांकडे घरी येऊन बघणारी एक डॉक्टर आहे. त्या अगदीच तरुण होत्या, पाठीवर पोरींसारखी पिशवी, आणि आत येताच त्यांनी हात गरम पाण्यानं धुतले, पुसले, आणि अपाला हात न लावता पलंगाशेजारी स्टुलावर बसल्या. "तोक्तोबुबू-अपा, गाडीत कुठं बिघाड आहे ते मला सांगा," त्या म्हणाल्या. अपाचं नाव आणि तिची गाडीची भाषा, दोन्ही झोयानं त्यांना आधीच पढवलं असणार. अपानं एक डोळा उघडला. "सगळीकडे आहे, पोरी. भंगारात काढ."

"आधी कुठं होतं?"

"इथं. कंबरेत."

"आणि आता कंबरेत जास्त आहे, की गालावर?"

अपा विचारात पडली. हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. "गालावर," ती म्हणाली, आणि स्वतःच चकित झाली. "गालाला तर काही झालेलं नाही गं."

मग डॉक्टरांनी बुरुलला विचारलं, औषध कधी कधी वाढवलं, वाढवल्यावर किती दिवस बरं वाटलं, मग काय झालं. बुरुल सांगत गेली, आणि सांगता सांगता तिला आपला आवाज दुरून ऐकू यायला लागला, कारण डॉक्टर मान हलवत होत्या. पुढचं काय ते त्यांना आधीच ठाऊक असल्यासारखं. स्वयंपाकघरात नेऊन त्यांनी तिला समजावून सांगितलं. मॉर्फिन वाईट नाही. ते नसतं तर तुमच्या आईंनी हा हिवाळा काढला नसता. पण फार दिवस, फार जास्त दिलं, की काही माणसांत ते उलटतं. दुखणं दाबायचं सोडून शरीराला दुखायला शिकवायला लागतं. मग आपण आणखी देतो. मग ते आणखी शिकवतं. "रोग वाढला नाही असं मी म्हणत नाही. वाढला आहे. पण हे जे गालावरचं, पापण्यांवरचं आहे, ते रोगाचं नाही. ते औषधाचं आहे. ते आपण कमी करू, हळूहळू, आणि मज्जातंतूंसाठी दुसरं एक औषध सुरू करू. सुरुवातीला त्रास होईल."

बुरुल कप धूत होती. तो कप आधीच धुतलेला होता. "म्हणजे मी दिलं ते," ती म्हणाली.

"तुम्हाला जेवढं द्यायला सांगितलं तेवढं तुम्ही दिलंत."

"मी भांडून आणलं."

डॉक्टरांनी पिशवी पाठीवर घेतली, म्हणाल्या, "मीही भांडले असते." त्या गेल्या, तरी बुरुल कप धूतच होती. दवाखान्यातला तो म्हातारा तिला आठवत होता, टाळी वाजवणारा.

मात्रा कमी करायला लागल्यावर पहिले दिवस वाईट गेले. अपाला घाम यायचा, पोट बिघडायचं, हातपाय थरथरायचे. तिला समजावून सांगितलं होतं, आणि समजल्यावर तिनं मानही हलवली होती, पण दुखायला लागलं की समजलेलं टिकत नाही. "माझं औषध कुठं गेलं?" ती विचारायची. "कुणाला विकतेस? त्या तुझ्या मुकादमाला?" एकदा ती झोयाला म्हणाली, "ही मला मारायला टपलीये. हिला घर पाहिजे." झोयाला खरं काय ते ठाऊक होतं, डॉक्टर तिनंच आणली होती, तरी तीही जिन्यात बुरुलला गाठून म्हणाली, "पोरी, पुरे झालं आता. कुत्र्यालासुद्धा कोणी असं ठेवत नाही. दे तिला काय मागते ते. किती दिवसांची आहे ती?" बुरुलच्या पिशवीत औषध होतं. द्यायला काहीच अवघड नव्हतं. एक कुपी जास्त फोडायची, बस. आपण हे डॉक्टरचं ऐकून करतोय, की आधी जे केलं त्याची भरपाई म्हणून करतोय, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. आधी जास्त देऊन छळलं, आता कमी देऊन छळते. दोन्ही वेळा हात हाच. पण अपाच्या गालावरून एक माशी चालत गेली, आणि अपा ओरडली नाही, हे तिनं त्याच आठवड्यात पाहिलं होतं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. माशीचं काय सांगणार?

एके दिवशी कारखान्यात वीज गेली, मुकादमानं सगळ्यांना दुपारीच सोडलं. बुरुल घरी आली तर झोया पलंगावर बसलेली, अपाचा पाय तिच्या मांडीवर, आणि ती दोन्ही अंगठ्यांनी तळवा चोळते आहे. बोलताहेत दोघी. कुणा जुन्या वाहकाची गोष्ट, जो तिकिटं फाडताना बायकांच्या हातांना हात लावायचा. अपा हसत होती. पोटातून हसत होती, आणि हसताना तिचा पाय झोयाच्या मांडीवर हलत होता, आणि तिला काही होत नव्हतं. "बघ, बघ तुझी आई!" झोया म्हणाली. "इंजिन चालू झालं!" बुरुलनं पिशवी तिथंच टाकली. अंगातला कोटही काढला नाही. गुडघ्यांवर बसून तिनं अपाचा दुसरा पाय हातात घ्यायला हात पुढे केला. आणि तो पाय मागं सरला. नुसता पाय नाही, अपा सगळीच सरली, भिंतीला जाऊन भिडली. हसणं तोंडावर तसंच राहिलं होतं, पण दंडावर सरसरून काटा आला होता.

"दुखतं?" बुरुलनं विचारलं.

अपा स्वतःच्या पायाकडे बघत होती, तो दुसऱ्याचा असावा तशी. "तू अजून हात लावला नाहीस," ती म्हणाली. "लावशील म्हणून दुखतं."

"मी नुसती चोळणार होते, अपा. सुई नाहीये. बघ, हात रिकामे आहेत."

"दिसतंय मला." अपानं दात आवळून पाय पुढे सरकवला, त्याला हुकूम दिल्यासारखा, आणि डोळे मिटले. "लाव."

बुरुलनं एक बोट टेकवलं. अपाच्या घशातून आवाज आला नाही, पण डोळ्यांतून पाणी आलं. बुरुलनं बोट काढून घेतलं. "असू दे," ती म्हणाली. "मी चहा टाकते." डॉक्टर नाझगुलना तिनं पुढच्या खेपेला विचारलं. त्या म्हणाल्या, होतं असं. इतके दिवस या हातामागून दुखणं आलं, शरीरानं ते धरून ठेवलंय. ते विसरतं. वेळ लागतो. "किती?" बुरुलनं विचारलं. डॉक्टरांनी आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं, आणि पिशवीचे बंद ओढत बसल्या.

मिरलान मॉस्कोहून आला तेव्हा थंडी ओसरायला लागली होती. तिकडे तो टॅक्सी चालवायचा. फुगला होता, केस विरळ झाले होते, आणि अंगाला तंबाखूचा वास येत होता. सगळ्या प्रवासभर रडल्यासारखे त्याचे डोळे सुजले होते. दारातच त्यानं बुरुलला विचारलं, "एजे, हात लावला तर चालतो ना? तू फोनवर म्हणाली होतीस, ओरडते म्हणून." "तुझा चालेल," बुरुल म्हणाली. तो घाबरत घाबरत आत गेला. अपानं त्याला पाहिलं, त्याचा पंजा दोन्ही हातांनी धरून ओढून घेतला, आणि आपला गाल त्यावर ठेवला. ज्या गालाला वारा सोसत नव्हता तो गाल. तशीच ती झोपून गेली, आणि मिरलान वाकडा बसून राहिला. पाय बधिर झाले तरी हलला नाही. "आला गं बाई, आला!" झोया दारातून कुजबुजत म्हणाली. "पोरगा आला, आणि दुखणं पळालं." बुरुलनं स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला घेतली. तिला आनंद झाला होता. आनंद खरा होता. त्याच्या खाली दुसरं जे काही होतं त्याच्याकडे तिनं पाहिलं नाही, कणकेत मुठी दाबत राहिली.

काही दिवसांनी मिरलानच म्हणाला, "एजे, तू दमलीयेस. सुई मला शिकव. मी आहे तोवर मी देत जाईन." बुरुलला जे सुचलं नव्हतं ते तो सहज बोलून गेला होता. आपल्या हातातली सुई गेली, आणि हात मोकळा राहिला, काही आठवडे मोकळा राहिला, तर अपाचं शरीर विसरेलही. एकदा हात लावू देईल, मरायच्या आधी एकदा. तिनं मिरलानला बटाट्यावर शिकवलं. चिमटीत धर, तिरकी घाल, हळू सोड. तो शिकला. चार बटाटे भोकं पाडून ठेवले. संध्याकाळच्या मात्रेला त्यानं सुई भरली, आणि तो पलंगाजवळ गेला. "अपा, आज मी हं." अपानं त्याच्या हाताकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, हाताकडे. डोळे किंचित बारीक झाले. पांघरुणाखाली उजव्या पायाचा अंगठा ताठ झालेला बुरुलला दिसला.

मिरलानला काही दिसलं नव्हतं. जगात कुणालाच ते दिसलं नसतं.

"थांब," बुरुल म्हणाली. "दे इकडे."

"का? नीट भरलीये ना?"

"भरलीयेस. पण तुझा हात जड आहे. मी देते. तू तिकडे बस, तिचा हात धर."

"बटाट्यात तर जमलं होतं."

"अपा बटाटा नाहीये."

मिरलान रागावला. लहानपणापासून हिला वाटतं की आपल्याला काही जमत नाही, असं पुटपुटत तो पलीकडे जाऊन बसला, आणि त्यानं अपाच्या गालाखाली पंजा सरकवला. बुरुलनं कातडी चिमटीत धरली. अपानं तोंड फिरवलं आणि मिरलानच्या तळहातात खुपसलं. बुरुलनं सुई घातली, हळू सोडली, काढली, कापूस दाबला, आणि हात लगेच मागं घेतला. नंतर हे रोजचं झालं. सुई देताना ती मुद्दाम आधी बोलायची, "मी आलेय हं, अपा, बुरुल," म्हणजे कुणाचा हात आहे याबद्दल शरीराची गफलत होऊ नये. सुई नसेल तेव्हा ती पलंगाजवळ फारशी जायची नाही. चादरी बदलायच्या असल्या की मिरलानला कोपरे धरायला लावायची. त्या विटलेल्या सुती चादरी आता अपाला चालत होत्या.

एकदा मिरलान खाली सिगारेट ओढायला गेला असताना अपानं तिला हाक मारली. मात्रा आता पुष्कळ उतरली होती, आणि अपाचे डोळे स्वच्छ झाले होते, पूर्वी आरशातून मागच्या प्रवाशांकडे बघायची तेव्हा असायचे तसे. "त्याला का देऊ देत नाहीस गं सुई?"

"हात जड आहे त्याचा."

अपा तिच्याकडे बघत राहिली. बुरुल खिडकीची कडी उगीच काढून घालत होती. "बरं," अपा म्हणाली. मग भिंतीकडे वळत म्हणाली, "त्याला एवढ्यात परत जाऊ देऊ नकोस."

"नाही जाऊ देत."

अपा गेली ती पाटांमध्ये डोंगराचं पाणी यायला लागलं तेव्हा, भर दुपारी. सुईची वेळ झाली नव्हती. गाल मिरलानच्या हातावर होता, आणि तिचा श्वास थांबला हे त्याला आधी कळलंच नाही. पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या बुरुलला कळलं, आणि तरी तिनं थोडा वेळ त्याला तसंच बसू दिलं. नातेवाईक बायका आल्या, त्यांनी अपाला धुवायला घेतलं, बुरुलला आत बोलावलं. थोरली मुलगी, पाणी तू ओत, त्या म्हणाल्या. तिनं तांब्या बुडवला, ओतण्याआधी पाणी स्वतःच्या मनगटावर घेऊन पाहिलं. "आता काय बघतेस, बाळे," एक बाई हळूच म्हणाली. बुरुलनं पाणी ओतलं. हात लावायला आता कुणाची ना नव्हती. बायकांनी सांगितलं तिथं तिनं लावला, पाठ धरली, मान धरली. काही वाटलं नाही. ती वाट बघत होती काहीतरी वाटण्याची, आणि बायका म्हणाल्या, झालं.

चाळीसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर मिरलान निघाला. विमानतळावर बुरुल सोडायला गेली होती. झोयानं त्याच्यासाठी लोणच्याची बरणी दिली होती, ती आत नेऊ देणार नाहीत हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघं बाकावर बरणी मध्ये ठेवून बसले होते. मिरलान बरीच मिनिटं बुटाच्या टोकानं फरशी घासत होता.

"एजे, एक विचारू? खरं सांग हं. झोया इव्हानोव्हना सगळ्यांना सांगतेय की मी आलो, आणि अपाचं दुखणं कमी झालं. मी हात धरला म्हणून." तो बुरुलकडे बघत नव्हता. "मला आधी यायला पाहिजे होतं, हे मला कळतं. तू एकटीनं सगळं... पण ते खरं का? माझ्या हातानं तिला बरं वाटलं?"

बुरुलच्या डोक्यात डॉक्टर नाझगुलचं सगळं बोलणं तयार होतं. मात्रा कधीपासून उतरवली, माशी कधी बसली, झोयानं पाय कधी चोळला. तो यायच्या कितीतरी आधी. तिला हेही सांगता आलं असतं, की त्याचा हात अपाला शेवटपर्यंत का चालत राहिला. सांगायला दोन वाक्यं लागली असती. आणि मग मॉस्कोच्या रस्त्यांवर गाडी चालवताना, थंडीत, एकट्यानं, तो त्या दोन वाक्यांचं काय करत बसला असता?

"खरं आहे," ती म्हणाली. "तू आलास, आणि तिला बरं वाटलं."

मिरलाननं तोंड झाकून घेतलं. एवढा थोराड माणूस, बाकासकट हलायला लागला. बुरुलनं मधली बरणी उचलून खाली ठेवली, जवळ सरकली, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ रुंद होती, ऊबदार होती, हुंदक्यांनी वरखाली होत होती. ती हात फिरवत राहिली. आत विमानाची वेळ पुकारली, मग पुन्हा पुकारली. आणि तो उठेपर्यंत तिनं हात काढला नाही.